शेवटच्या घरची पालखी

शिमग्यात पालखी कुणाच्या घरी कुठल्या दिवशी जायची, हा क्रम रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पलीकडल्या त्या वाडीत कुणी लावून दिला हे कुणालाच सांगता येत नाही. तो बदलायचा नसतो, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. मुंबईचे चाकरमानी त्या क्रमावर रजा टाकतात, माहेरवाशिणी त्यावर येतात, कोंबड्यांचंसुद्धा आयुष्य त्यावरच ठरतं. असा तो क्रम दर्शनाने या वर्षी बदलून घेतला, आणि तोही एका बोटीसाठी.

बोट कंटेनरची. तिच्यावर दर्शनाचा नवरा संदेश बोसन होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. गेल्या एप्रिलमध्ये तो बोटीवर चढला तेव्हा दर्शनाला पाचवा महिना होता. ऑगस्टमध्ये मनस्वी झाली. करार नऊ महिन्यांचा, म्हणजे जानेवारीत बाप उतरणार, तेव्हा मनू पाच महिन्यांची असेल, मान धरत असेल, माणसं ओळखू लागलेली असेल. दर्शनाने बाळंतिणीच्या खाटेवरच सगळं ठरवून टाकलं होतं. पण तिचं ठरवणं तिकडे कुणाला विचारात घ्यायचं होतं! तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले होत होते म्हणून कंपन्यांनी सुएझची वाट टाकली होती, आणि युरोपातून हिंदुस्थानात यायला बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालत होत्या. जानेवारीत संदेशची बोट युरोपातच होती. तिथे माणूस उतरवून विमानाने घरी पाठवणं कंपनीला महाग पडतं. तेव्हा कंपनी म्हणाली, इंडियात उतर. इंडियात म्हणजे मुंबईजवळ न्हावाशेव्याला. तारीख मिळाली आठ मार्च. मग केपजवळ वादळ लागलं, तारीख झाली पंधरा. मग कुठल्याशा बंदरात धक्का रिकामा नव्हता, तारीख झाली बावीस.

आणि त्यांच्या घरी पालखी यायची होती एकोणीसला.

एरवी हे चाललं असतं. गेली तीन वर्षं संदेश शिमग्याला नव्हताच, चुलतभाऊ दीपक त्याच्या वतीने पालखीला खांदा द्यायचा. पण या वर्षी मनू होती. त्या वाडीची रीत अशी, की पोर पहिल्या वर्षाचं असताना बापाने त्याला हातावर घेऊन पालखीखालून काढायचं. एकदाच. पालखी चौघांनी वर उचलून धरायची आणि बापाने खालून वाकून पलीकडे जायचं. त्यानंतर ते पोर देवाचं आणि गावाचं झालं असं समजतात. दहा सेकंदांचं काम. पण दर्शनाने ते दहा सेकंद मनात इतक्या वेळा पाहिले होते, की संदेशने त्या दिवशी कुठला शर्ट घालायचा हेसुद्धा तिने काढून ठेवलं होतं. नवरा सुखरूप येवो, पैसा येवो, हे सगळं तिला हवंच होतं. पण त्याहून जास्त तिला हे हवं होतं, की त्याने पोरीला एकदा सगळ्यांदेखत हातात घ्यावं. मनूला बाप ठाऊक होता तो हातात मावेल एवढा, काचेतला.

म्हणून ती गंगारामकाकांकडे गेली. गंगाराम म्हणजे वाडीचा गावकर, पालखीचा कारभार त्यांच्याकडे. रत्नागिरीच्या डेपोत एस्टीचे कंट्रोलर होते, निवृत्त झाले तरी मनगटावरचं घड्याळ काही निवृत्त झालं नाही. पूर्वी पालखी एकेका घरी रात्रभर बसायची, बायका फुगड्या घालायच्या, म्हातारे देवापुढेच पेंगायचे. आता चाकरमान्यांना परतीच्या गाड्या गाठायच्या असतात, म्हणून काकांनी प्रत्येक घराला वीस मिनिटं ठरवून त्याचा तक्ताच व्हॉट्सॲपवर टाकला होता.

"अगो, देव काय बोटीच्या टायमावर चालतो काय?" काका म्हणाले.

"एस्टीच्या टायमावर चालतोच की ओ काका," दर्शना म्हणाली आणि जीभ चावली.

काकांना राग यायला हवा होता, पण हसू आलं. दोन दिवस खल झाला. देवाला कौल लावला, कौल उजवा मिळाला. दर्शनाचं घर एकोणीसवरून काढून शेवटच्या दिवशी टाकलं, पंचवीसला. त्यासाठी दुसऱ्या दोन घरांना आपले दिवस मागेपुढे करावे लागले. त्यांतल्या एका घरच्या गंगुबाई पाणंदीत भेटल्या की म्हणायच्या, "काय गो, आली काय तुझी बोट?" आणि आपण फक्त चौकशी केली असा चेहरा करून पुढे जायच्या. दर्शना हसून घ्यायची. बोट येणार होती ना, मग कुणी काही का म्हणेना.

घरात तिच्या बाजूने एकच माणूस होता, सासरे आप्पा, आणि ते तिच्या बाजूने होते की बोटीच्या, हे कधी कळायचं नाही. आप्पांनी तेहेतीस वर्षं दर्या केला. सुएझ बंद आहे हे ऐकून त्यांना तर तरतरीच आली. "आमच्या येळेला पण बंदच व्हतं की! आठ वर्षं! मी पयला चढलो तो केपनंच गेलो. काय नवीन नाय त्यात." जगाची घडी फिरून पुन्हा आपल्या जागी आली, असा त्यांचा एकंदर सूर. आताच्या बोटींबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. त्यांच्या काळी बोट बंदरात लागली की वीस-वीस दिवस माल उतरवत बसायची, तेवढ्यात खलाशी गाव बघून, चार ओळखी करून, साबण-घड्याळं घेऊन यायचा. आता रात्री लागते आणि उजाडायला सुटते. "जग बघितलंन काय यानं? क्रेन बघितलीन," असं ते मुलाबद्दल म्हणायचे.

त्यांची एक गोष्ट होती, ती ते दर शिमग्याला सांगायचे. संदेश जन्मला तेव्हा ते समुद्रावर होते. घरी आले तेव्हा पोरगा सव्वा वर्षाचा, चालत होता. बायको सावित्री त्याला घेऊन एस्टी स्टँडवर न्यायला आली होती. पोरग्याने बापाच्या मिशा बघून जे भोकाड पसरलं ते घर येईपर्यंत, आणि कंडक्टरने आप्पांनाच विचारलं, "पावनं, बाईंना तरास देताय काय?" यावर सगळे हसायचे. आप्पा स्वतः सगळ्यांत जास्त हसायचे. सावित्रीबाई गेल्याला सहा वर्षं झाली. त्या हसायच्या की नाही हे दर्शनाला आठवत नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा संदेशचा फोन आला तो खुशीत. लांबच्या वाटेमुळे तेवढ्याच मालाला जास्त बोटी लागतात, जास्त बोटींना जास्त माणसं लागतात. कंपनी म्हणत होती, दोन महिने घरी राहा आणि परत चढ, वर बक्षीस देतो. बोसनची तर फारच टंचाई आहे म्हणे. आप्पा म्हणाले, "बघ, माणसाला किंमत आली." दर्शना म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार? घराचा स्लॅब, दीपकच्या धाकट्या बहिणीचं लग्न, आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं बोटीतूनच उतरलं होतं. त्या रात्री तिने मनूला थोपटता थोपटता बोटांवर मोजलं. पुढचा करार संपेल तेव्हा पोरगी दुडुदुडु धावत असेल. त्याच्या पुढचा संपेल तेव्हा बालवाडीत. तिने मोजणं तिथेच थांबवलं.

बावीसची तारीख पुढे सरकून पंचवीसची सकाळ झाली, तरी ती घाबरली नाही. चोवीसला रात्री बोट गुजरातच्या बंदरातून सुटणार, पंचवीसला पहाटे न्हावाशेवा, संदेश सकाळी उतरणार, गाडी ठरवलेली, संध्याकाळी सहाला दारात. पालखी साडेसहाला. तक्त्याप्रमाणे बरोबर बसत होतं. गंगारामकाकांनीसुद्धा कौतुकाने मान डोलावली; त्यांना जुळणारी वेळापत्रकं आवडायची.

पंचवीसला सकाळी ती घरापुढचं खळं सारवत होती. शेणाचे हात तसेच ठेवून तिने कोपराने फोन उचलला.

"दर्शना," संदेश म्हणाला, मागे इंजिनाचा आवाज होता. "न्हावाशेवा कॅन्सल झालं. काल सुटल्यावर रातीच मेसेज आला. तिकडं धक्का पाच दिवस खाली नाय. आधीच उशीर झालाय म्हणून कंपनी म्हणते, थांबू नका, डायरेक्ट कोलंबो."

"मंग तुम्ही?"

"मी बोटीवर. माझ्या जागी चढणारा रिलिव्हर न्हावाशेव्याला बॅग घेऊन बसलाय बिचारा. कोलंबोला पाठवतील. नायतर शिंगापूर."

"तिथले कंटेनर?"

"तेपण कोलंबोलाच उतरवणार. मागनं दुसरी बोट आणील."

कंटेनरांना मागून आणायला दुसरी बोट होती. दर्शनाने हे मोठ्याने म्हटलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे आज तुम्ही कुठं असाल?"

"तेच तर," तो म्हणाला. "कोलंबोला जायचं म्हणजे आपल्या समोरनंच जायचं. संध्याकाळी साडेसहा-सातला रत्नागिरीसमोर असंन. पंचवीस मैल बाहेर."

सारवण अर्धं राहिलं होतं, ते तिने पुरं केलं. मग ती मोरीत गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तोंड धुऊन तिने पुरणाला डाळ टाकली, कारण पालखी तर येणारच होती. आप्पांना सांगितलं तेव्हा ते काठी टेकत कातळाच्या सड्याच्या टोकापर्यंत जाऊन समुद्र बघून आले. सकाळचे दहा वाजले होते आणि बोट अजून मुंबईच्याही वर होती, हे त्यांच्याएवढं कुणाला कळत होतं? तरी गेले.

पालखी साडेसहाच्या ठोक्याला आली. आधी ढोल ऐकू आला, मग पाणंदीतून लाल-पिवळं निशाण वर आलं, मग खांद्यांवर हेलकावणारी पालखी, आत देवाचा मुखवटा, अबोलीच्या वळेसरांत अर्धा बुडालेला. शेवटचं घर म्हणून सगळी वाडी मागून आली होती. पोरांनी खळ्यात पालखी नाचवली, मग सहाणेवर, पालखीसाठी केलेल्या ओट्यावर, बसवली. दर्शनाने ओटी भरली, ओवाळलं. गंगुबाईही पुढेच उभ्या होत्या, पण आज त्यांनी बोटीची चौकशी केली नाही. उलट जवळ येऊन म्हणाल्या, "दे ती पोर माझ्याकडं, पदर आवर." त्याने दर्शनाला अधिकच भरून आलं.

तेवढ्यात फोन वाजला. संदेश डेकवर होता, केशरी कपड्यांत, डोक्यावर हेल्मेट, मागे कंटेनरांची भिंत. वारा एवढा, की शब्द तुटत होते. "रत्नागिरी डाव्या हाताला हाय," तो ओरडून म्हणाला. "दिसत काय नाय. पण तिकडंच बघतोय." खळ्यातल्या सगळ्यांनी नकळत समुद्राकडे पाहिलं. तिथे नुसता धुरकट तांबूस उजेड होता आणि एक मासेमारीची होडी होती.

"चला, पोर काढून घ्या," गंगारामकाका म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण आवाज मऊ होता.

चौघांनी पालखी उंच धरली. दीपकने मनूला हातावर घेतलं. दर्शनाने फोन दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे केला. दीपक वाकला, पालखीखाली शिरला, पलीकडे निघाला. मनू रडली नाही, तिने वर बघून पालखीची झालर तेवढी धरायचा प्रयत्न केला. ढोल वाजला. बायकांनी तांदूळ टाकले. झालं.

दर्शनाने फोन आपल्याकडे वळवला. चित्र थिजलेलं होतं. संदेशचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. मग ते एकदम हललं.

"कधी काढताय? हँग झालं व्हतं," तो म्हणाला. "झालं काय?"

"झालं."

"मला नाय दिसलं. परत करा ना. एकदाच."

परत करायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने विचारलं, एवढंच. दीपक मनूला घेऊन तसाच उभा राहिला, काहीतरी चोरल्यासारखा.

आता राहिलं होतं गाऱ्हाणं. घराच्या वतीने देवापुढे नारळ ठेवायचा आणि गुरवाने त्या घराचं म्हणणं देवाच्या कानावर घालायचं. गुरव सांगतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. गाव होकार भरतो तेव्हाच ते मागणं देवापर्यंत पोचतं, नाहीतर ते एकट्याचं बोलणं राहतं. आप्पांनी नारळ ठेवला. विठू गुरवाने डोळे मिटले आणि त्याच्या त्या खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज आप्पानं सहकुटुंब तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नवी पोर तुझ्या पालखीखालनं गेली, तिला औक्ष दे, बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन हिचा बापूस आज तुझ्यासमोरनं दर्यातनं चाललाय. त्याला सांभाळ. त्याच्या हाताला यश दे, ही बोट संपली की दुसरी दे, एकावर एक बोट मिळत ऱ्हाऊ दे..."

सगळ्यांनी होकारासाठी श्वास घेतला.

"गुरवकाका, थांबा," दर्शना म्हणाली.

गाऱ्हाण्यात मधे बोलत नाहीत. त्यातून सुनेने तर नाहीच. ढोलवाल्याने टिपरू उचललेलं होतं, ते तसंच राहिलं. दर्शनाला आपलाच आवाज कुणा दुसरीचा वाटला, पण आता तो थांबणार नव्हता.

"तसं नका म्हणू. ह्यांना परत बोट मिळू नये, असं म्हणा."

खळ्यात जे होते त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या घरांत कुणी ना कुणी बोटीवर होतं. दीपकची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. गंगुबाईंचा जावई आखातात टगबोटीवर होता. या वाडीत देवाकडे बोट मागायची असते. मुलगा बारावी झाला की मागायची, कंपनीने नाकारलं की पुन्हा मागायची. बोट नको म्हणणं म्हणजे भरल्या ताटाला पाय लावणं. विठूने डोळे उघडले आणि आप्पांकडे पाहिलं. नारळ त्यांच्या नावाचा होता. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली जमिनीकडे बघत होते.

विठू गुरव बेचाळीस वर्षं गाऱ्हाणी घालत होता. लोकांनी त्याच्या तोंडून भावकीचे दावे घातले होते, चोरीचे आळ घातले होते. त्याने घसा साफ केला.

"म्हाराजा," तो म्हणाला, या वेळी हळू. "ही घरची लक्ष्मी सांगते तेच सांगतो. या पोराला आता घरी आण. आन परत बोट मिळू देऊ नको, म्हाराजा."

कुणीच होकार भरला नाही.

दर्शनाचे कान तापले. तिला वाटलं, आपण या माणसांकडून एकदा दिवस मागून घेतला, आता हे मागतोय; फार झालं. मनूने दीपकच्या खांद्यावरून तिच्याकडे झेप घेतली, तिला घ्यायलाही तिचे हात उठेनात, कारण त्यांत फोन होता. फोनमध्ये चित्र पुन्हा थिजलं होतं. संदेशने ऐकलं की नाही, ऐकलं असेल तर त्याला काय वाटलं, काहीच कळायला मार्ग नव्हता. गंगारामकाकांनी मनगटाकडे पाहिलं नाही. वीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

"व्हय म्हाराजा," आप्पा म्हणाले.

ते वर न बघताच, पुटपुटल्यासारखं म्हणाले. तेवढं मागच्या माणसांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी मान वर केली आणि पुन्हा एकदा, बोटीच्या डेकवर हाक मारावी तसं, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

मग गंगुबाई म्हणाल्या. मग दीपक. मग सगळे एकदम म्हणाले, ढोलवाल्याने थाप टाकली आणि विठूने नारळ फोडला. पाणी सहाणेवर उडालं. भोई पालखीच्या दांड्यांना हात घालायला वाकले. त्या अवधीत, ढोल थांबून पुन्हा सुरू व्हायच्या आत, जरासं शांत झालं.

दर्शनाच्या हातातला फोन खरखरला. चित्र तसंच होतं, डोळे अर्धे मिटलेले. पण बोटीवरून आवाज निघाला होता आणि तो आता पोचला, सगळ्यांच्या नंतर, एकटाच.

"व्हय म्हाराजा," संदेश म्हणाला.